संकटनिवारणाची विद्या

वैद्य होण्यास वैद्यकाचें शिक्षण लागतें, पूल बांधण्यास स्थापत्याचें शिक्षण लागतें, ही गोष्ट कोणासहि समजावून सांगावी लागत नाहीं. परंतु दुष्काळ, साथ, आग, पूर, भूकंप अशा सार्वजनिक संकटाच्या वेळीं हजारों माणसांचे प्राण ज्यांच्या निर्णयावर अवलंबून असतात, त्यांनाहि कांहीं विशिष्ट विद्या आली पाहिजे, हा विचार समाजाला फार उशिरां सुचला. अंगीं धैर्य असलें, अंतःकरण कोमल असलें आणि हाताशीं थोडा पैसा असला म्हणजे काम भागतें, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती समजूत किती अपुरी आहे हें शिकविण्याचें काम पुस्तकांनीं केलें नाहीं. तें संकटांनींच केलें, आणि त्या शिक्षणाची फी मनुष्यहानीच्या रूपानें वसूल केली. महाराष्ट्राचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास या दृष्टीनें पाहिला, तर संकटनिवारणाची विद्या एकेक धडा करून कशी जमत गेली, हें स्पष्ट दिसतें.

पहिला धडा दुष्काळाचा होय. आणि त्याची सुरुवात महाराष्ट्राबाहेर, ओरिसांत झाली. १८६५ सालीं तेथें पाऊस लौकर थांबला आणि भाताचें पीक बुडालें. प्रांतांत धान्याचा भरपूर सांठा असावा आणि कमी पडल्यास व्यापारी तें बाहेरून आणतील, असें अधिकाऱ्यांनीं धरून चालले. सांठा किती आहे हें कोणी मोजलें नव्हतें. १८६६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस खरी स्थिति उघडकीस आली, तेव्हां मोसमी वारे सुरू होऊन बंदरें निरुपयोगी झालीं होतीं आणि रस्ते पाण्याखालीं गेले होते. पैसा होता, धान्य विकत मिळत होतें; पण तें भुकेल्या माणसापर्यंत पोंचविण्याची वेळ निघून गेली होती. सुमारें १० लाख माणसें, म्हणजे त्या प्रांताची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती, या दुष्काळांत प्राणास मुकली. अधिकारी क्रूर होते असें नाहीं. संकटाचीं चिन्हें वाचण्याची कला त्यांना अवगत नव्हती, एवढाच त्यांचा दोष. पण तेवढा पुरेसा ठरला.

यानंतर १८७३-७४ सालीं बिहारवर दुष्काळ आला. सर रिचर्ड टेंपल यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणून इतक्या सढळ हातानें वांटला, कीं भुकेनें मेलेल्यांची संख्या अगदीं अल्प राहिली. मात्र खर्च फार झाला म्हणून त्यांच्यावर चोहोंकडून टीका झाली. पुढें १८७६ सालीं मद्रास व मुंबई इलाख्यांत मोठा दुष्काळ पडला आणि हेच टेंपल पाहणीसाठीं दक्षिणेंत आले. या वेळीं त्यांचा हात आंखडलेला होता. मजुराला दिवसाकांठीं एक रतल धान्य आणि वर किरकोळ पैसा पुरेसा आहे, असें त्यांनीं ठरविलें. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाच्या देहाला एक रतल धान्य पुरतें कीं नाहीं, हा खर्चाचा प्रश्न नव्हता, शरीरशास्त्राचा होता. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं तो त्याच शब्दांत मांडला आणि हा शिधा अपुरा असल्याचें निक्षून सांगितलें. इकडे मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं सरकारी कामें सोडून आपला निषेध नोंदविला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढें मांडली. एकाच अधिकाऱ्यानें तीन वर्षांच्या अंतरानें दोन टोंकें गांठलीं. कारण दोन्ही वेळां मोजमापाचा आधार नव्हता. एकदां दयेनें निर्णय घेतला, दुसऱ्यांदा टीकेच्या भीतीनें. १८७६ ते १८७८ या काळांतील या दुष्काळानें ब्रिटिश मुलखांत ५० लाखांवर माणसें नेलीं.

सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० सालीं प्रसिद्ध झाला आणि त्यांतून दुष्काळसंहितेचा जन्म झाला. १८८३ नंतर निरनिराळ्या प्रांतांनीं आपापल्या संहिता तयार केल्या. राज्यकर्त्यांचा हेतु कांहींहि असो, या संहितेंत संकटनिवारणाच्या विद्येचा पहिला पाठ्यक्रम सांपडतो, हें मान्य केलें पाहिजे. दुष्काळ पडल्यावर काय करावें यापेक्षां तो पडण्यापूर्वीं काय करून ठेवावें, यावर तिचा भर होता. प्रत्येक जिल्ह्यांत रस्ते, तलाव, बांध यांच्या कामांचे नकाशे आणि अंदाजपत्रकें सुकाळांतच तयार असावींत, पाऊस, पीक व बाजारभाव यांची नोंद नियमानें वर जात राहावी, असा दंडक तिनें घातला. धान्याचे भाव चढणें, सावकारानें कर्ज देणें बंद करणें, भिकाऱ्यांना भिक्षा न मिळणें, लोकांनीं दिशा न ठरवितां गांव सोडून भटकूं लागणें, लहानसहान चोऱ्या वाढणें, हीं दुष्काळाचीं पूर्वचिन्हें म्हणून तिनें मांडलीं. शंका आली कीं प्रथम कसोटीचें एक काम काढावें. त्यावर मजूर लोटले तर संकट खरें समजावें आणि पूर्वीं आंखलेलीं कामें एकामागून एक सुरू करावींत. मजुरी धान्याच्या भावाबरोबर वरखालीं व्हावी, म्हणजे महागाईंत मजुराचा घांस लहान होणार नाहीं. ज्यांना काम होत नाहीं अशा वृद्ध, आजारी व अपंग माणसांची यादी गांवकामगारांनीं करावी आणि त्यांना फुकट शिधा द्यावा. तलाठ्यापासून कमिशनरापर्यंत कोणाचें काम कोठें सुरू होतें आणि कोठें संपतें, हें लिहून ठेवलेलें होतें.

संहिता लिहिली गेली म्हणून ती पाळली गेली असें मात्र झालें नाहीं. १८९६-९७ सालीं दख्खनमध्यें पुन्हां दुष्काळ पडला, तेव्हां सारासूट देण्यांत मुंबई सरकारनें फार हात राखला. त्या वेळीं लोकमान्य टिळकांनीं एक नवीच गोष्ट केली. संहितेनें रयतेला काय देऊं केलें आहे, तें त्यांनीं ‘केसरी’मधून सोप्या मराठींत समजावून दिलें आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते तेंच सांगत खेड्यापाड्यांतून हिंडले. सरकारचेंच पुस्तक सरकारला वाचून दाखविण्याचा हा प्रकार होता. सरकारला तो रुचला नाहीं आणि १८९७ सालीं सभेची मान्यता काढून घेण्यांत आली. तरी त्यांतून उरलेला सिद्धांत मोलाचा आहे. संकटनिवारणाची विद्या केवळ अधिकाऱ्याच्या कपाटांत राहून चालत नाहीं. ज्याच्यावर संकट येतें त्यालाहि ती ठाऊक असावी लागते.

याच सुमारास पुण्यामुंबईवर दुसरें संकट कोसळलें आणि त्यानें अगदीं निराळा धडा दिला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यास वॉल्टर चार्लस रँड या मुलकी अधिकाऱ्याच्या हातीं प्लेगनिवारणाचें काम आलें. रँड यांच्याजवळ अधिकार होता, सैन्य होतें आणि कामाचा झपाटाहि होता. गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघरीं शिरून रोगी शोधूं लागल्या. माजघर, देवघर, स्वयंपाकघर असा भेद त्यांना ठाऊक नव्हता. स्त्रियांची तपासणी उघड्यावर होऊं लागली, सामान जाळलें गेलें, रोगी इस्पितळांत आणि त्यांचे आप्त छावण्यांत नेले गेले. त्याचा परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. लोक रोगी लपवूं लागले, मृत्यु लपवूं लागले, आणि ज्या माहितीवर सारी व्यवस्था चालावयाची ती माहितीच आटली. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँड यांच्यावर चापेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. तो पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

या प्रसंगाकडे राजकारणाच्या दृष्टीनें अनेकदां पाहिलें गेलें आहे. संकटनिवारणाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांत दोन अज्ञानें एकत्र आलेलीं दिसतात. एक शास्त्रीय. प्लेग उंदरांवरील पिसवांच्या मार्फत माणसाला होतो, हें पॉल लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराचीस दाखवून दिलें. १८९७ सालीं तें कोणासच माहीत नव्हतें, तेव्हां झडती माणसांची होत होती आणि उंदीर या घरांतून त्या घरांत जात होते. या अज्ञानाबद्दल कोणाला दोष देतां येत नाहीं. दुसरें अज्ञान लोकांविषयींचें होतें, आणि तें मात्र टाळतां आलें असतें. त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं रोग्यांची शुश्रूषा चालविली होती, आणि ती करतांनाच प्लेगनें १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाईंचा अंत झाला. रोगी तोच, रोगहि तोच. परंतु एकीकडे लोक दार लावून घेत आणि दुसरीकडे दार उघडीत. विश्वास हें संकटनिवारणाचें साधन आहे आणि तें इस्पितळाच्या खाटेइतकेंच खरें आहे, हें या विद्येचें दुसरें प्रकरण होय. पुढील वर्षांत सरकारनेंहि सक्ती सैल केली आणि हाफकिन यांची लस ऐच्छिक ठेवून लोकांना समजावण्याचा मार्ग धरला.

तिसरा धडा आगीनें दिला. तो १४ एप्रिल १९४४ चा. ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें मालवाहू जहाज त्या दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत उभें होतें. इंग्लंडाहून निघतांना त्यांत सुमारें १,४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा भरल्या होत्या. वाटेंत कराचीस त्यांत कापसाच्या ८,७०० गांठी, वंगणाचें तेल, इमारती लांकूड, भंगार लोखंड असा माल चढविण्यांत आला. ज्वालाग्राही कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजांत शेजारींशेजारीं! युद्धाच्या धामधुमींत जहाजांचा तुटवडा होता, म्हणून हें चालवून घेतलें गेलें. धोक्याचा माल असलेल्या जहाजानें तांबडें निशाण लावावयाचें, तेंहि लावलेलें नव्हतें. जहाज १२ तारखेस गोदींत आलें. पण दारूगोळा उतरवून घेण्यास होड्या वेळेवर आल्या नाहींत.

१४ तारखेस दुपारीं जेवणाच्या सुटीनंतर दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरांतून धूर येतांना दिसला. बंबवाले आले. त्यांना जी पहिली वर्दी मिळाली होती ती नेहमींच्या आगीची होती. जहाजाच्या पोटांत काय आहे, हें त्या वर्दींत नव्हतें. दारूगोळ्याची गोष्ट समजली तेव्हां आणखी बंब आले, आणि ९०० टनांवर पाणी त्या तळघरांत ओतण्यांत आलें. धूर इतका दाट होता, कीं आग नेमकी कोठें आहे हें दिसेना. जहाजाच्या बाजूचा एक पत्रा तापून त्यावरील रंग फुगूं लागला, तेव्हां आगीचें ठिकाण कळलें. पण पत्रा कापण्याचें यंत्र चालेना. या अवधींत धक्क्यावर कप्तान होते, गोदीचे अधिकारी होते, बंबखात्याचे प्रमुख होते, लष्कराचे दारूगोळा-तज्ज्ञहि होते. जहाज गोदींतच बुडवावें, कीं ओढून बाहेर समुद्रांत न्यावें, कीं आहे तेथेंच आग विझवावी, हे तीन मार्ग होते. जहाज बुडेल इतकें पाणी गोदींत नव्हतें. बाहेर ओढून नेणेंहि धोक्याचें होतें. प्रत्येक अधिकाऱ्याचें म्हणणें आपल्यापुरतें बरोबर होतें. परंतु सर्वांचें ऐकून एक आज्ञा देण्याचा अधिकार त्या धक्क्यावर कोणा एकाला नव्हता. आसपासच्या गोदींतील माणसें हलविण्याची आज्ञाहि सुटली नाहीं. कित्येक मजूर आणि खलाशी आग पाहात तसेच उभे होते.

चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आंतच दुसरा. त्याचा धक्का दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रानें नोंदला. दहांहून अधिक जहाजें नष्ट झालीं, गोदीलगतचीं वखारी व वस्ती जळून गेली, आणि मृतांची संख्या निरनिराळ्या अंदाजांनीं ८०० ते १,३०० पर्यंत सांगितली जाते. बंबखात्याचे ६६ जवान त्या दिवशीं कामावर असतां कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस सबंध भारतांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

‘आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं’ अशी मराठींत म्हण आहे. या दिवशीं बंब आगीपाशींच होता. रामेश्वरीं राहिली ती माहिती. त्या ६६ जवानांच्या धैर्यांत काडीचीहि उणीव नव्हती. उणीव होती ती जहाजाच्या मालाची यादी प्रथम हातीं घेण्याच्या शिस्तीची, धोक्याच्या प्रमाणांत वर्दी देण्याच्या पद्धतीची, आणि अनेक खात्यांवर एकाच माणसाची आज्ञा चालण्याच्या व्यवस्थेची. शूर माणसांना अपुऱ्या माहितीवर पुढें पाठविणें हा त्यांच्या शौर्याचा गौरव नव्हे, अपव्यय आहे. हें वाक्य कोणत्याहि अग्निशमन शाळेच्या दारावर कोरून ठेवण्यास हरकत नाहीं.

अशा शाळा स्वातंत्र्यानंतर निघाल्या. तत्पूर्वीं, फाळणीच्या वेळीं, १९३६ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे विद्यार्थी व अध्यापक कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणींत काम करण्यास गेले होते. छावणी चालविणें हें देखील शिकण्यासारखें शास्त्र आहे, याचा तो एक आरंभींचा दाखला. १९५६ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय प्रथम उत्तर प्रदेशांतील रामपूर येथें सुरू केलें आणि दुसऱ्याच वर्षीं तें नागपुरास आणलें. १९५७ सालींच नागपुरांत केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्थाहि निघाली. पुढें १९६८ सालीं ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली, आणि २०१८ सालीं तिचें राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या अकादमींत विलीनीकरण करण्यांत आलें. आगींत शिरण्याची, ढिगाऱ्याखालचा माणूस काढण्याची, जखमीला उचलण्याची कला वडीलधाऱ्या जवानाकडून पाहून पाहून शिकण्याची जुनी रीत होती. या शाळांनीं तिला रसायन, जलशास्त्र, इमारतींचें बांधकाम आणि कायदा यांची जोड दिली.

शाळा निघाल्या तरी धडे संपले नाहींत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें मातीचें धरण फुटलें आणि पाठोपाठ खडकवासल्याचें धरणहि गेलें. आदल्या रात्रीं लष्कराच्या जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून धरण सकाळपर्यंत तगविलें, म्हणून पुण्यावर पाण्याचा लोंढा दिवसाउजेडीं आला आणि हजारों जीव वांचले. परंतु जो वेळ जवानांनीं हातांनीं मिळवून दिला, तो शहरांत नीट वापरला गेला नाहीं. नदीकांठच्या लोकांना स्पष्ट सूचना वेळेवर पोंचली नाहीं. सूचना देणें ही स्वतंत्र कला आहे. ती मोघम असली तर कोणी हलत नाहीं आणि भडक असली तर पळापळ होते.

उलटपक्षीं, जुन्या धड्यांचा उपयोग झाल्याचें उदाहरण १९७२ च्या दुष्काळानें दिलें. लागोपाठ वर्षें कोरडीं गेलीं होतीं आणि महाराष्ट्रांतील पीक फारच घटलें होतें. तरी १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें ५० लाख माणसें सरकारी कामांवर राबत होतीं. पाझरतलाव, नालाबांध, रस्ते, खडी. हजेरीपट, आठवड्याची मजुरी, मुलांना सुकडी, दुकानांत परदेशांतून आलेला मिलो. या साऱ्या व्यवस्थेंत नव्वद वर्षांपूर्वींच्या संहितेचा सांगाडा ओळखूं येतो. त्या दुष्काळांत हाल फार झाले. पण पूर्वींच्या दुष्काळांसारखा मृत्यूचा संहार झाला नाहीं. वि. स. पागे यांनीं मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच अनुभवानें बळावली, आणि १९७७ सालीं केलेला कायदा १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलांत आला. मदत म्हणून दिलें जाणारें काम हक्क म्हणून मागतां येऊं लागलें. टिळकांनीं रयतेला जें समजावून दिलें होतें, त्याचा हा उत्तरार्ध म्हणतां येईल.

यानंतरचा मोठा धडा ३० सप्टेंबर १९९३ चा. गणेशविसर्जन आटोपून लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवें झोपीं गेलीं होतीं. पहाटे चाराला चार मिनिटें कमी असतां किल्लारी परिसरांत भूकंप झाला. त्या भागांतील घरें दोन-तीन फूट रुंदीच्या, मातींत रचलेल्या दगडी भिंतींचीं, आणि वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत थंड आणि चोराचिलटापासून निर्भय असें हें घर भूकंपांत मात्र थडगें ठरलें. सुमारें ८,००० माणसें मृत्यु पावलीं. भूकंपाच्या नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत धरलेला होता. १९९२ सालीं किल्लारीस वारंवार लहान धक्के बसले होते, लोक धास्तावले होते. पण नकाशानें दिलेलें अभय त्या धक्क्यांपेक्षां वजनदार ठरलें. ओरिसांतील अधिकाऱ्यांनीं जशी न मोजलेल्या सांठ्यावर भिस्त ठेवली, तशी येथें जुन्या नकाशावर ठेवली गेली.

धक्क्यानंतरचे पहिले तास शेजाऱ्यांचे होते. जे जिवंत राहिले त्यांनींच हातांनीं दगड उपसून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना बाहेर काढलें. सरकारी यंत्रणा, लष्कर आणि स्वयंसेवक त्यानंतर पोंचले. जगांतील बहुतेक भूकंपांचा अनुभव हाच आहे. म्हणून या विद्येचा आरंभ गांवांतच झाला पाहिजे. पुढील पुनर्वसनांत ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. पण त्याहून कितीतरी अधिक गांवांतील घरें जागच्या जागीं दुरुस्त व बळकट करावयाचीं होतीं. तें काम ठेकेदाराकडे न देतां घरमालकाच्या हातीं दिलें गेलें, आणि आडवे पट्टे, कोपऱ्यांचे जोड, हलकें छप्पर या गोष्टी गवंड्यांना व घरच्या माणसांना शिकविण्यांत आल्या. गांवोगांवच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढें आल्या आणि सरकारी अभियंता व घरधनीण यांच्यामधील दुवा बनल्या. अभियंत्याला भिंतीचें शास्त्र ठाऊक होतें. चूल कोठें मांडली जाते हें त्यांना ठाऊक होतें. दोन्ही ज्ञानें मिळून घर उभें राहातें. या अनुभवानंतर महाराष्ट्रांत जिल्हावार आपत्ति-व्यवस्थापनाच्या योजना तयार होऊं लागल्या, मंत्रालयांत नियंत्रण कक्ष निघाला, आणि पुण्याच्या यशदा संस्थेंत अधिकाऱ्यांना या विषयाचें शिक्षण देणारें केंद्र सुरू झालें.

२६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईनें आणखी एक गोष्ट शिकविली. सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच अवधींत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर! दक्षिण टोंकास बसलेल्याला उत्तरेकडे शहर बुडत आहे याची कल्पना यावी तरी कशी? त्यानंतर महानगरपालिकेनें शहरभर ठिकठिकाणीं स्वयंचलित पर्जन्यमापकें बसविलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आपत्ति व्यवस्थापन कायदा झाला, जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालीं जिल्हा प्राधिकरणें आलीं, आणि २००६ सालीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल उभें राहिलें. त्याची पांचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथें असते. टाटा समाजविज्ञान संस्थेनें या विषयाचें पदव्युत्तर शिक्षणहि सुरू केलें. जी विद्या एके काळीं संहितेच्या परिच्छेदांत आणि जुन्या मामलेदारांच्या आठवणींत होती, ती अखेर विद्यापीठाच्या वर्गांत आली.

तर मग या विद्येच्या विद्यार्थ्यानें शिकावयाचें तरी काय? इतिहासानें दिलेलें उत्तर असें आहे, कीं त्याला थोडें थोडें पुष्कळ आलें पाहिजे आणि कांहीं गोष्टी पक्क्या आल्या पाहिजेत. हवामान, भूगर्भ, रोगांचा प्रसार, इमारतींचें बांधकाम यांतलें तज्ज्ञाचें बोलणें समजेल इतकें शास्त्र त्याला हवें. हिशेब मात्र पक्का हवा. कारण किती तोंडें, किती धान्य, किती पाणी, किती वाहनें आणि किती तास, या त्रैराशिकावर जीव तोलले जातात. आपल्या अधिकाराची मर्यादा आणि दुसऱ्या खात्याची जबाबदारी त्याला तोंडपाठ हवी, म्हणजे धक्क्यावर चौघे जाणते उभे असतां आज्ञा अडून राहाणार नाहीं. थोडक्या शब्दांत स्पष्ट सूचना लिहितां व बोलतां आली पाहिजे, आणि ती लोकांच्या भाषेंत. या सर्वांहून कठीण म्हणजे लोकांच्या घराचा, रीतीचा आणि अब्रूचा मान राखून त्यांच्याकडून काम करवून घेतां आलें पाहिजे. पहिल्या गोष्टी वर्गांत शिकतां येतात. ही शेवटची वस्तींत राहूनच येते.

यांत एक अडचण कायमची आहे. मोठें संकट एकाच ठिकाणीं एका पिढींत वारंवार येत नाहीं. ज्या अधिकाऱ्यानें तें निभावलें त्याची बदली होते, तो निवृत्त होतो, आणि पुढचें संकट येतें तेव्हां खुर्चीवर नवा माणूस असतो. शेतकरी दर वर्षीं पेरतो म्हणून त्याची विद्या ताजी राहाते. संकटनिवारकाची विद्या वापरावांचून गंजते. यावर उपाय दोनच. एक, घडलें तें, चुकांसकट, प्रामाणिकपणें लिहून ठेवणें. आणि दुसरा, संकट नसतांना त्याची रंगीत तालीम करणें. तालमी कंटाळवाण्या वाटतात, भोंगा वाजला तरी लोक हंसतात, आणि अंदाजपत्रकांत कात्री प्रथम त्यांवरच चालते. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तहान नसलेल्या दिवशीं कुदळ हातीं घेण्याचा कंटाळा त्यालाहि सुटलेला नाहीं.

ओरिसा, पुणें, व्हिक्टोरिया गोदी, किल्लारी येथें जे गेले त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणत्याहि दगडावर कोरलेलीं नाहींत. त्यांच्या मरणानें जें शिकविलें तें पुढच्या माणसाला येत असावें, एवढेंच त्यांचें खरें स्मारक. एखाद्या तालुक्याच्या कचेरींत सुकाळांत तयार करून ठेवलेली कामांची यादी, बंदरांत धोक्याच्या मालावर न चुकतां लागणारें निशाण, गांवच्या गवंड्यानें भिंतींत न विसरतां घातलेला आडवा पट्टा, या बिनबोभाट गोष्टींत त्या स्मारकाचा दगड रोज रचला जातो. आणि जेथें तो रचला जात नाहीं, तेथें पुढील धड्याची फी सांचत राहाते.